रॅम्प, एक नग

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझा फोटो पेपरात आला होता. आमच्या महिला मंडळाच्या सात-आठ जणी, मधोमध मी, हातात नारळ आणि मागे नवाकोरा सिमेंटचा रॅम्प. फोटो कापून मी शोकेसच्या काचेला आतून चिकटवला. त्या रॅम्पसाठी आम्ही दीड वर्ष अर्ज केले होते, पोच घेतली होती, साहेब रजेवर असताना परत आलो होतो आणि साहेब बदलल्यावर पुन्हा पहिल्यापासून अर्ज केले होते. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. आमच्या भागातलंच आहे आणि खरं सांगायचं तर तुमच्या गावातलंही तसंच असेल.

जानेवारीत एक मुलगी तिथे हयातीचा दाखला द्यायला गेली. वय बावीस. तीन वर्षांपूर्वी हायवेवरच्या अपघातात तिच्या पाठीच्या कण्याला मार लागला, तेव्हापासून ती व्हीलचेअरवर आहे. घरी बसून ब्लाउज शिवते, मोबाइलवर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते. बरोबर तिची आई होती. आई खुर्ची ढकलत वर नेऊ लागली. रॅम्प निम्मा चढून झाला आणि तिचे पाय घसरायला लागले. हात सोडावा तर लेक मागे जाते, धरावा तर दोघी जातात. तिने हात सोडला नाही. दोघी पडल्या. मुलीला खरचटण्यावर भागलं, आईचं उजवं मनगट मोडलं.

जानेवारी म्हणजे निफाड तालुक्यात द्राक्षांचा हंगाम. ही बाई पिंपळगावच्या बाजूला एका पॅकहाऊसमध्ये जाते. वर्षाचे चार पैसे गाठीला बांधायचे ते याच अडीच-तीन महिन्यांत. दीड महिना हात प्लॅस्टरमध्ये, त्यानंतर पंधरा दिवस बोटं मिटेनात. तोवर बाग रिकामी झाली. मी भेटायला गेले तेव्हा ती मला म्हणाली, "ताई, तुम्ही एवढ्या खटपटी करून बांधून घेतला, माझंच लक्ष नव्हतं." त्या दिवशी घरी येऊन मी शोकेसमधला फोटो काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी शिवणाच्या डब्यातली टेप पर्समध्ये टाकली आणि तिथे गेले. मी बी.ए., राज्यशास्त्र. गणिताला घाबरूनच आर्ट्सला गेलेली. पण उंची आणि लांबी मोजायला गणित कशाला लागतं? चार पायऱ्या, प्रत्येक सात इंचांची, म्हणजे उंची अठ्ठावीस इंच. रॅम्पची लांबी साडेदहा फूट. मग आमच्या गल्लीत काम करणाऱ्या मिस्त्रींना विचारलं, हे बरोबर का? ते म्हणाले, "वहिनी, मोटारसायकल चढवायची असेल तर बरोबर. माणूस बसलेली खुर्ची नाही चढायची." नियम सांगतो एकास बारा, म्हणजे एक इंच उंची चढायची असेल तर एक फूट लांबी. अठ्ठावीस इंचांना अठ्ठावीस फूट! आमच्या रॅम्पला साडेदहा. वर पोचल्यावर खुर्ची थांबायला पाच फूट सपाट जागा हवी, तिथे दार थेट रॅम्पच्या तोंडावर उघडत होतं. दोन्ही बाजूंना धरायला नळ्या हव्यात, इथे एकाच बाजूला, तीही मध्येच संपलेली. आणि सगळ्यात कहर म्हणजे, पाहुणे येणार म्हणून वरचा कोबा चांगला घोटून गुळगुळीत केलेला.

हे सगळं मला नारळ फोडताना का दिसलं नाही? दिसलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. मी दोन पायांवर त्या रॅम्पवरून वर गेले आणि म्हटलं, छान झालाय. माझ्याबरोबर व्हीलचेअरवरची एक बाई त्या दिवशी बोलवायला हवी होती, हेही सुचलं नाही. सत्काराला बोलावलं होतं अपंगांपैकी एका गृहस्थांना, ते कुबड्यांवर पायऱ्याच चढून आले.

इंजिनिअर साहेबांना भेटले. माणूस वाईट नाही. त्यांनी फाइल उघडून दाखवली. एस्टिमेटमध्ये एक ओळ होती: रॅम्प, एक नग. पुढे रक्कम. किती उतार, किती रुंदी, कठडा किती उंच, काही नाही. ठेकेदाराने एक नग रॅम्प करून दिला, मोजमाप पुस्तिकेत एक नग नोंदला गेला, बिल निघालं. साहेब म्हणाले, "मॅडम, याच्यात नियमबाह्य काही नाही, काम झालेलं आहे." मी विचारलं, हा रॅम्प खुर्ची चढण्याजोगा आहे असं कुणी तपासून सही केली? त्यांनी फाइल मागेपुढे चाळली. सह्या भरपूर होत्या. पण त्या प्रश्नाची सही नव्हती.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे की ती सही करणारा माणूस आपल्या राज्यात असायला हवा, शिकलेला, परीक्षा दिलेला, परवाना असलेला, आणि चुकलं तर परवाना जाणारा.

विघ्नहराचं ओझर ते जुन्नर तालुक्यातलं. आमचं ओझर मिगचं. १९६४ पासून इथे विमानाचा कारखाना आहे. मिग झाली, सुखोई झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला इथे तयार झालेलं तेजस मार्क वन ए आमच्याच डोक्यावरून उडालं. आमच्या शेजारपाजारच्या निम्म्या घरांत कारखान्यातलं कुणी ना कुणी आहे. त्यांच्या बोलण्यात नेहमी येतं की विमानाचं काम केलेल्यानेच ते पास करायचं नसतं. तपासणारा वेगळा असतो, आणि त्याचा शिक्का त्याच्या नावावर असतो. काही बिघडलं तर तो शिक्का कुणाचा हे काढता येतं. ज्या गावाला हे इतकं अंगवळणी पडलेलं आहे, तिथे रॅम्प मात्र 'एक नग'.

बरं, परवाना ही काही आपल्याला नवीन गोष्ट नाही. घरातली वायरिंग करणाऱ्या वायरमनला राज्याचा परवाना लागतो. इमारतीत लिफ्ट बसवली तर विद्युत निरीक्षकाच्या परवानगीशिवाय ती चालू करता येत नाही. आगीचं उदाहरण तर अगदी जवळचं आहे. महाराष्ट्रात २००६ साली आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा झाला. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांच्या मालकाने दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून 'यंत्रणा चालू स्थितीत आहे' असा दाखला घेऊन द्यायचा असतो. प्रत्यक्षात किती जण देतात, हा वेगळा विषय. पण रचना आहे: कायदा, परवाना असलेला तपासनीस, ठरावीक मुदतीचा दाखला. आगीसाठी जे राज्याला सुचलं, ते खुर्चीवरच्या माणसासाठी सुचायला काय हरकत होती?

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. १९९५ साली अपंगांसाठीचा पहिला मोठा केंद्रीय कायदा झाला. त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने घेतली. त्यातलं कलम ४४ तुम्ही एकदा कुणाकडून तरी वाचून घ्याच. सुगम्यतेचे नियम पाळलेले नसतील तर इमारतीच्या नकाशाला मंजुरी द्यायची नाही, बांधून झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही, आत राहायला-वापरायला परवानगी द्यायची नाही. किती स्वच्छ लिहिलं आहे! कलम ४५ सांगतं की जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत दुरुस्त करायच्या. नियम १५ जून २०१७ ला आले. पाच वर्षं २०२२ च्या जूनमध्ये भरली. कायदा मोडला तर पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. (सुगम्यता हा शब्द सरकारी. आमच्या मंडळात आम्ही 'जाता-येता यायला हवं' एवढंच म्हणतो.)

मग अडतं कुठे? राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. तिच्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला, त्यात याचं उत्तर आहे. कायदा म्हणतो 'बंधनकारक', पण त्याखाली जे नियम केले त्यांतल्या पंधराव्या नियमात नुसती मार्गदर्शक तत्त्वं होती. करावं, असावं, शक्यतो असावं. न्यायालयाने सांगितलं की हा नियम कायद्याशीच विसंगत आहे, कमीत कमी काय हवंच ते वेगळं काढा आणि तीन महिन्यांत सक्तीचं करा. त्या कामात न्यायालयाने हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या दिव्यांग अभ्यास केंद्राचीही मदत घेतली होती. म्हणजे वीस वर्षं झगडून एका माणसाने 'असावं' चं 'असलंच पाहिजे' करून घेतलं. पण 'असलंच पाहिजे' हे आमच्या गावात येऊन टेपने मोजणार कोण?

केंद्र सरकारने ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान सुरू केलं, त्यात मोठ्या शहरांतल्या इमारतींची तपासणी झाली. अशी तपासणी करणाऱ्यांना अ‍ॅक्सेस ऑडिटर म्हणतात. २०२२ साली केंद्राच्या दिव्यांग विभागाने आर्किटेक्टांच्या परिषदेबरोबर आणि रुरकीच्या आय.आय.टी.बरोबर करार केला. आर्किटेक्चरच्या पदवीत हा विषय सक्तीचा करायचा आणि आर्किटेक्ट व सिव्हिल इंजिनिअर यांच्यासाठी ऑडिटरचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढायचा, असं त्यात ठरलं. चांगली गोष्ट आहे. पण निफाड, सिन्नर, येवल्यासारख्या गावांत आर्किटेक्ट किती आणि त्यांतला रॅम्प तपासायला येणारा किती?

माझ्या मामेबहिणीचा मुलगा अमेरिकेत टेक्सासला आर्किटेक्ट आहे. चंपाषष्ठीच्या यात्रेला आला होता, बारागाड्या बघायच्या म्हणून. मी त्याला ही हकीकत सांगितली. तो म्हणाला, मावशी, आमच्याकडे यासाठी राज्याचं लायसन्सच आहे. तिकडे १९९० साली अपंगांच्या हक्कांचा देशव्यापी कायदा झाला. टेक्सास राज्याने त्याशिवाय स्वतःचा कायदा ठेवला आहे. पन्नास हजार डॉलर किंवा त्याहून जास्त खर्चाचं सार्वजनिक वापराचं बांधकाम असेल तर ते राज्याच्या परवाना खात्याकडे नोंदवायचं. नकाशा आधी अशा परवानाधारक तज्ज्ञाने तपासायचा आणि बांधून झाल्यावर वर्षाच्या आत जागेवर येऊन पुन्हा मोजायचं. या तज्ज्ञाला राज्याची परीक्षा द्यावी लागते, दरवर्षी परवाना नवा करावा लागतो आणि त्यासाठी शिकत राहावं लागतं. तो सांगत होता, आम्ही आर्किटेक्टसुद्धा त्या माणसाला टरकून असतो. आरसा दोन इंच वर लागला तरी लिहून देतो.

तिकडचं सगळं सोनं आणि आपलं पितळ, असं मला म्हणायचं नाही. तिकडेही जुनी दुकानं आहेत, तक्रारी आहेत, कोर्टकचेऱ्या आहेत. पण 'एक नग' मात्र तिकडे चालत नाही.

तुम्ही म्हणाल, हा पुरवणीचा विषय आहे का? ही तर इंजिनिअरांची भांडणं. मला वाटतं, हा आधी आपलाच विषय आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंग व्यक्तींची संख्या २९ लाख ६३ हजार निघाली होती. त्यांतल्या बहुतेकांना उचलणारी, ढकलणारी, धरून नेणारी घरातली बाईच असते. आई, बायको, सून, बहीण. माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आठ महिने मीच ती बाई होते. बँकेच्या तीन पायऱ्यांशी रिक्षा थांबवून मी आत जायचे, आणि 'त्यांना आणा, अंगठा समोर हवा' असं ऐकून परत बाहेर यायचे. मग दोन अनोळखी माणसांना विनवायचं. सासूबाईंना त्याची इतकी लाज वाटायची की त्या डोळे मिटून घ्यायच्या. नऊवारी सावरत, परक्या पुरुषांच्या हातांवर. त्या मला एकदा म्हणाल्या, "पैसे राहू दे बँकेत, मला नको न्यायला."

या लाजेबद्दल कुठल्याच फाइलमध्ये काही लिहिलेलं नसतं. १६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईत विराली मोदी या व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्तीचं लग्न होतं. खारचं विवाह नोंदणी कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सही घ्यायला अधिकारी खाली यायला तयार झाले नाहीत असं तिने जाहीरपणे लिहिलं. तिला उचलून वर नेलं गेलं, स्वतःच्या लग्नाला! आणि हीच विराली, जिने २०१७ मध्ये रेल्वे अपंगांना वापरता यावी म्हणून मोहीम चालवली होती. कारण गाडीत चढवताना हमालांनी केलेला नको तो स्पर्श तिने सोसला होता. लग्नाची बातमी गाजली, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तिची माफी मागितली. ती मुंबईची, बोलणारी, लोक ऐकतात अशी. निफाडला तहसीलच्या कामाला गेलेल्या, उचलून नेलेल्या बाईची बातमी होत नाही.

आणि संडास. या विषयावर मला थोडं जास्त लिहायचं आहे, कारण पुरुषांच्या बैठकीत तो निघत नाही. त्या मुलीने मला सांगितलं की कुठल्याही सरकारी कामाला जायचं असेल तर ती आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करते आणि सकाळी चहासुद्धा घेत नाही. पाठीच्या कण्याला मार लागलेल्यांना लघवीचे त्रास आधीच असतात, त्यात पाणी न पिणं म्हणजे दुखणं ओढवून घेणं. डॉक्टर तिला रागावतात. ती त्यांना काय सांगणार? मी दोन ठिकाणी अपंगांसाठीचं स्वच्छतागृह शोधायला गेले. एकाला कुलूप होतं, किल्ली शिपाईदादांकडे, आणि शिपाईदादा जेवायला. दुसरं उघडं होतं, आत खराटे, जुनी टेबलं आणि तुटकी मतपेटी. दारावर खुर्चीचं निळं चित्र मात्र झकास रंगवलेलं. दार नव्वद सेंटिमीटर रुंद हवं, ते बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. आतल्या बाजूला उघडलं तर खुर्ची आत गेल्यावर ते लागतच नाही, आणि आत कुणी पडलं तर बाहेरच्याला ढकलून उघडताही येत नाही. भिंतीशी धरायला नळी हवी, भांडं खुर्चीच्या उंचीला जवळचं हवं. यांतली एकही गोष्ट खर्चाची नाही. माहीत असण्याची आहे. अगदी तीच जागा गरोदर बाईला, गुडघे गेलेल्या आजीला, सिझेरियन झालेल्या लेकीला लागते.

मी हा परवान्याचा मुद्दा आमच्या ओळखीच्या एका निवृत्त अभियंत्यांजवळ काढला. ते हसले. म्हणाले, "ताई, अजून एक लायसन्स म्हणजे अजून एक टेबल, आणि टेबल म्हटलं की पाकीट आलंच. घरी बसून दाखला मिळेल." मला रात्री झोप लागली नाही, कारण ते खोटं बोलत नव्हते. गाडी न बघता पीयूसी मिळाल्याचे किस्से आपण सगळ्यांनी ऐकले आहेत.

तरी माझं मत बदललं नाही. मी त्यांना परत जाऊन म्हटलं, आज पाकीटसुद्धा नाही कारण तपासणीच नाही. परवानाधारकाचं नाव आणि नंबर रॅम्पशेजारी भिंतीवर रंगवा, ठेकेदाराचं रंगवतात तसं. उतार किती, रुंदी किती, कधी मोजलं, तेही लिहा. मग माझ्यासारखी टेप घेऊन आलेली कुठलीही बाई दोन मिनिटांत खरं-खोटं करू शकेल. रॅम्प ही काही लपवता येणारी वस्तू नाही. खोटा दाखला देणाऱ्याला रोज जाता-येता लोक बघणार. आणि दाखला देण्याआधी त्या जागी खुर्ची वापरणारं, काठीने चालणारं, डोळ्यांनी न दिसणारं एक तरी माणूस स्वतः जाऊन आलं पाहिजे, त्याचीही सही हवी. यावर ते गप्प बसले. मग म्हणाले, शेवटचं बरोबर आहे.

परवाना नुसता आर्किटेक्टांनाच मिळावा, हेही मला पटत नाही. नकाशे त्यांनीच तपासावेत, तो त्यांचा अभ्यास आहे. पण बांधून झालेली जागा मोजायला डिप्लोमा झालेली, आय.टी.आय.ला ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली मुलगी का चालू नये? आमच्या तालुक्यात अशा कितीतरी मुली लग्न होऊन घरी बसल्या आहेत. आणि ज्यांचं आयुष्यच खुर्चीवर जातं, त्यांच्यासाठी अनुभवाची वेगळी वाट असावी. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' तुमच्यापैकी अनेकींनी वाचलं असेल. ऐन तरुणपणी पाय गेलेली ही बाई. १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी करून तिने शेकडो मुलांना शिकवलं, कामाला लावलं. दार किती रुंद हवं हे अशा बाईला पुस्तकात बघावं लागत नाही. राज्याने ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला. परीक्षा घेणं, यादी ठेवणं, परवाना देणं-काढणं हे काम त्या विभागाकडे देता येईल. ओझरची ग्रामपंचायत जाऊन आता नगरपरिषद झाली आहे, नकाशे मंजूर करण्याचं काम तिच्याकडे आलं. अशा प्रत्येक नगरपरिषदेच्या फलकावर निदान दोन परवानाधारकांची नावं असावीत.

तोपर्यंत? तोपर्यंत आम्ही आमच्यापुरतं सुरू केलं आहे. ती मुलगी, मी, मंडळातल्या तिघी आणि ते मिस्त्री. मिस्त्री लेव्हलची पाण्याची नळी घेऊन येतात. मुलगी मोबाइलवर फोटो काढते आणि वहीत आकडे लिहिते. तिची नजर आमच्यापेक्षा कितीतरी तयार आहे. एका शाळेत मी रॅम्प बरोबर आहे म्हणून पुढे निघाले, तर ती म्हणाली, "काकू, खाली बघा की." रॅम्प सुरू होतो तिथेच गटारीची जाळी, फटी अशा की पुढचं छोटं चाक अडकणारच. निवडणुकीच्या वेळी याच शाळेत मतदान होतं. दुसऱ्या एका ठिकाणी उतार अगदी एकास बारा निघाला, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि वर पोचल्यावर उंबरा चार इंचांचा! आतापर्यंत अकरा जागा मोजून झाल्या. सगळं बरोबर असलेली एकही नाही, पण पाच जागा अशा की दोन-चार हजारांत सुधारतील.

तुमच्या गावात करायचं असेल तर टेप, वही आणि एक व्हीलचेअर वापरणारी मैत्रीण एवढं पुरे. तिच्याशिवाय जाऊ नका, मी तीच चूक केली. पायऱ्यांची उंची इंचांत, रॅम्पची लांबी फुटांत, दोन्ही आकडे सारखे हवेत. फोटो केंद्राच्या सुगम्य भारत अ‍ॅपवर टाकता येतात. लेखी तक्रार पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे करता येते. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून एस्टिमेटची प्रत मागा, म्हणजे तुमच्याकडेही 'एक नग' आहे का ते कळेल.

आमचा तो पहिला रॅम्प फोडायचा ठराव झाला आहे. समोर अठ्ठावीस फूट सरळ जागा नाही, म्हणून मिस्त्रींनी खडूने आखून दाखवलं: चौदा फूट भिंतीच्या कडेने, मग सपाट वळण, परत चौदा फूट. मुलगी त्या खडूच्या रेघेवरून खुर्ची फिरवून आली आणि वळण अजून एक फूट वाढवायला लावलं. नव्या एस्टिमेटमध्ये उतार, रुंदी, कठडा, खरबरीत फरशी असं सगळं लिहून घेतलं आहे. खाली 'तपासणी करणार' असा एक रकाना आम्ही आग्रहाने घालायला लावला. तिथे कुणाचं नाव घालायचं, असं साहेबांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहून विचारलं आहे. पत्राची पोच आली आहे.